मांडवावरचा कोळी : त्याचे रूप, त्याच्या सवयी व शेतीतील त्याचा उपयोग

श्रावण-भाद्रपदात सकाळी शेतावर जावयास निघालेल्या शेतकऱ्याच्या तोंडावर कोळ्याचे जाळे आले नाही असा दिवस विरळा. आमच्या कळंबच्या बाजूस तर बांधावरच्या गवतात, कुडाच्या कुंपणात, कारल्या-तोंडल्याच्या मांडवात व पाणंदीच्या दोन्ही अंगांस ही जाळी दवाने भरून पांढरी दिसत असतात. पुढे चालणाऱ्याने हातातील काठी फिरवीत जावे व जाळी पाडीत जावे, अशी आपणा सर्वांची रीत आहे. प्रस्तुत लेखकानेही ती पुष्कळ वर्षे पाळली. घाण करणारा, विषारी व निरुपयोगी जीव, एवढीच कोळ्याविषयी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, हे मला उशिरा कळले. आणि ते कळण्याची किंमत एका वर्षी भाताच्या खाचरात मोजावी लागली. तो हिशेब पुढे येईलच. प्रथम हा प्राणी कसा आहे, कसा राहतो व काय खातो, हे वाचकांपुढे ठेवतो.

मी जीवशास्त्राचा विद्वान नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. त्या नोकरीने एक सवय मात्र अंगी लावली : जागेवर जाऊन पाहावे आणि मग लिहावे. गेली काही वर्षे घरामागच्या मांडवावरील कोळी मी रोज सकाळ-संध्याकाळ पाहत आलो आहे. जाणत्यांनी लिहून ठेवलेले वाचून जे ताडून पाहता आले, ते पाहिले आहे.

कोळी हा कीटक नव्हे

मुंगी, माशी, तुडतुडा यांस सहा पाय असतात व त्यांच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग असतात. कोळ्यास आठ पाय असतात. त्याचे डोके व छाती एकच असून मागे पोट जोडलेले असते. त्यास पंख नसतात व मिशाही नसतात. म्हणजे तो कीटकांच्या जातीचा नसून विंचू व गोचीड यांच्या भावकीतला आहे. जगात आजवर कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून हा आकडा २०२२ साली ओलांडला गेला. आपल्या देशातील कोळ्यांची पद्धतशीर नोंद पोकॉक या इंग्रज पंडिताने १९०० साली ग्रंथरूपाने केली. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील बी. के. टिकाडर यांनी हे काम फार मोठे वाढविले. जाळे विणणाऱ्या कोळ्यांवरील त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला.

सर्वच कोळी जाळे विणतात असे नाही. काही धावून शिकार करतात, काही उडी घालून धरतात, काही फुलात दबा धरून बसतात. ह्या लेखाचा मुख्य विषय असलेला कोळी मात्र गाडीच्या चाकासारखे वाटोळे जाळे विणणारा आहे.

रूप व ओळख

आपल्या मांडवावर भरदिवसा जाळ्याच्या मध्यभागी बसलेला जो कोळी दिसतो, तो बहुधा मादीच असतो. तिचे शरीर सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे असते. पाय धरले म्हणजे ती बरीच मोठी वाटते. पुढच्या भागावर रुपेरी केसांची लव असते. पोट पाचकोनी दिसते व त्यावर पिवळे, रुपेरी आणि तपकिरी असे आडवे पट्टे असतात. पायांवरही गडद पट्टे असतात.

तिच्या बसण्याच्या ढबीवरून तिला लांबूनही ओळखता येते. ती डोके खाली करून बसते व आठ पाय दोन-दोन जोडून चार दिशांस तिरपे ठेवते, त्यामुळे गुणाकाराच्या चिन्हाची आकृती होते. त्याच पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी वेलबुट्टी काढलेली असते. कोणी घाईने सही करावी तशी ती दिसते. म्हणून इंग्रजीत ह्या कोळ्यास ‘सही करणारा कोळी’ अशा अर्थाचे नाव पडले आहे.

शास्त्रीय नाव ‘आर्जिओपे अनसूजा’. थोरेल नावाच्या स्वीडिश पंडिताने ते १८८७ साली दिले. स्वीडिश भाषेत ‘जे’ ह्या अक्षराचा उच्चार ‘य’ असा करतात. तेव्हा हे नाव आपल्या अनसूयेचेच असावे असे दिसते. अत्रिऋषींची पत्नी अनसूया ही दत्तात्रेयांची माता. आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत ऊर्णनाभी म्हणजे कोळी हाही एक गुरू आहे. एकनाथी भागवत वाचणाऱ्या घरांत ही गोष्ट ठाऊक असते. तरी त्याच घरांतील केरसुणी सकाळी ह्या गुरूचे घर पाडीत असते.

जाळ्याची बांधणी

कोळ्याच्या पोटाच्या शेवटी सूत काढण्याच्या लहान लहान गाठी असतात. पोटात निरनिराळ्या पिंडांत पातळ रस तयार होतो व तो ओढून बाहेर येताच त्याचा घट्ट धागा बनतो. लोंबकळण्याचा धागा वेगळा, चिकट धागा वेगळा, शिकार गुंडाळण्याचा वेगळा व अंड्यांची पिशवी विणण्याचा वेगळा. लोंबकळण्याचा धागा वजनास वजन धरून पाहिला तर पोलादाच्या तोडीस तोड ठरतो.

जाळे बांधताना कोळी प्रथम एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो समोरच्या फांदीस चिकटला म्हणजे त्याचा पूल होतो. त्या पुलावरून ये-जा करून तो चौकट बांधतो. नंतर मध्यापासून चौकटीपर्यंत बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे कोरडे धागे ताणतो. मग मध्यापासून बाहेर जाणारा विरळ, कोरडा फेरा घालतो. गवंड्याची परांची असते तशी ही त्याची परांची. शेवटी बाहेरून आत येत तो चिकट धाग्याचे दाट फेरे घालतो आणि येता येता परांची तोडून टाकतो. पायांनी दोन फेऱ्यांमधील अंतर मोजून घेण्याचे त्याचे काम मोजणीदाराच्या साखळीसारखे बिनचूक चालते. सारे जाळे तासाभराच्या आत उभे राहते व बहुतकरून उजाडण्यापूर्वीच पुरे होते.

जाळे फाटले वा त्याचा चिकटपणा गेला म्हणजे कोळी जुने सूत गोळा करून खाऊन टाकतो व नवे विणतो. १९७१ साली पीकॉल ह्या संशोधकाने सुतात किरणोत्सर्गी खूण घालून असे दाखविले की, खाल्लेल्या जाळ्याचा फार मोठा भाग थोड्याच वेळात नव्या जाळ्याच्या सुतात परत येतो. ऊर्णनाभी आपल्यातून तंतू काढतो व आपल्यातच घेतो, असा दाखला आपल्या उपनिषदांत आला आहे. तो देणाऱ्यांनी कोळी बारकाईने पाहिला होता, यात शंका नाही.

कोळी स्वतःच्या जाळ्यास कसा चिकटत नाही, हा प्रश्न सर्वांस पडतो. एक तर मधला भाग व आरे कोरडे असतात. दुसरे, तो चिकट धाग्यास पायाची टोकेच काय ती लावतो. तिसरे कारण फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ फाब्र याने दाखविले. कोळ्याचा पाय तेलकटपणा काढून टाकणाऱ्या द्रवाने धुतला असता तो पाय सुतास चिकटू लागला. २०१२ साली कोस्टा रिका देशातील संशोधकांनी पुन्हा प्रयोग करून पायांवरील बारीक केस व त्यांवरील लेप ही दोन्ही कारणे खरी ठरविली.

शिकार

जाळे विणणाऱ्या कोळ्यास डोळे आठ, पण नजर अधू. त्याचा सारा व्यवहार पायांस जाणवणाऱ्या हिसक्यावर चालतो. माशी अडकली की कोणत्या आऱ्यावर ओढ आली हे त्यास कळते. तो धावत जातो, मागच्या पायांनी रुंद सुताचे पट्टे शिकारीवर टाकून तिला गुंडाळतो, चावा घेऊन निपचित करतो आणि मग मध्यभागी नेऊन तिच्यात पाचक रस सोडून ती शोषून घेतो. आत राहते ते कोरडे टरफल. माझ्या मांडवावरील जाळ्यांत फळमाशा, टोळ, पतंग, तुडतुडे व निरनिराळ्या माशा गुंडाळलेल्या पाहिल्या आहेत.

सत्य सर्व बाजूंनी सांगितले पाहिजे. म्हणून हेही लिहितो की, ह्याच जाळ्यांत मधमाशाही सापडतात. कोळ्यास आपला मित्र कोण व शत्रू कोण याचे ज्ञान नाही. जे अडकेल ते त्याचे. तथापि उडणारे जे काही शेतात अधिक असते तेच जाळ्यात अधिक अडकते. आणि पिकावर कीड वाढू लागली म्हणजे अधिक असते ती कीडच.

ती सही कशासाठी?

जाळ्यावरील पांढऱ्या नक्षीविषयी पंडितांत अजून एकमत नाही. १९८३ साली अमेरिकेतील आयस्नर व नोविकी यांनी रिकाम्या जाळ्यांवर कागदाच्या पट्ट्या लावून पाहिले. पट्ट्या लावलेली जाळी दिवसा अधिक टिकली, कारण पक्ष्यांस ती दुरून दिसत व ते टाळून जात. १९९० साली दुसऱ्या संशोधकांनी असे मांडले की, ही नक्षी आपल्यास न दिसणारा जंबुपार प्रकाश परावर्तित करते व फुलाच्या भ्रमाने कीटक तिकडे ओढले जातात. कदाचित एकाच सहीचे दोन उपयोग असतील. एवढे मात्र मी स्वतः पाहिले आहे की, एकच कोळी एके दिवशी चार अंगांस नक्षी काढतो, दुसऱ्या दिवशी दोनच अंगांस, तर कधी मुळीच काढीत नाही.

त्यास काडीने डिवचले तर पळून जाण्यापूर्वी तो जाळे इतक्या जोराने हालवितो की, स्वतः धूसर दिसू लागतो. आणखी डिवचल्यास जाळ्याच्या मध्यातून पलीकडच्या बाजूस जातो, अथवा धाग्यावरून खाली गवतात उतरतो व गडबड शमल्यावर त्याच धाग्याने वर येतो. आपण होऊन माणसावर तो कधीच येत नाही. त्याचे विष कीटकांपुरते आहे; माणसास त्यापासून भय नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. पावसाळ्यात अंगावर रेघेसारखे जळजळणारे फोड उठले म्हणजे कोळी अंगावरून गेला असे म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ फोड एका निराळ्याच किड्याचे काम असते. मुंगीसारखा लांबट, तांबडा व काळा असा हा किडा रात्री दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला गेला तर त्याच्या रसाने कातडी भाजते. त्यास चिरडू नये, फुंकून उडवावे व कातडी साबणाने धुवावी. तो किडाही भातातील तुडतुडे खाणारा आहे.

संसार व शत्रू

नर अगदी लहान, अर्ध्या सेंटिमीटरहूनही आखूड असतो. तो मादीच्या जाळ्याच्या कडेस येऊन राहतो व विशिष्ट प्रकारे धागा छेडून आपण शिकार नव्हे हे तिला कळवितो. इतके करूनही मीलनानंतर तो पुष्कळदा तिच्याच तोंडी जातो. मादी जवळच्या पानांत सुताची पिशवी विणून तीत काही शेकडो अंडी घालते. पिले बाहेर पडल्यावर उंच जागी चढून धागा वाऱ्यावर सोडतात व त्या धाग्यासरशी उडून दूर दूर पांगतात. नव्या लावणीच्या शेतात कोणी न आणता कोळी येतात ते या मार्गाने. वाढताना कोळी वेळोवेळी कात टाकतो. तुटलेला पायही पुढच्या कातींबरोबर पुन्हा फुटतो.

शेकडो अंड्यांतून मोठे होतात ते थोडेच. पक्षी, सरडे व पाली त्यांस खातात. घराच्या भिंतीवर मातीचे घरटे करणारी कुंभारीण माशी कोळ्यांस डंख मारून बधिर करते व आपल्या अळ्यांच्या खाण्यासाठी घरट्यात कोंडून ठेवते. जुने घरटे फोडून पाहिल्यास आत कोळीच कोळी भरलेले आढळतात. पण ह्या सर्व शत्रूंनी मिळून जेवढे कोळी मारावेत, त्याहून अधिक आपण एका सकाळी पाठीवरच्या पंपाने मारतो.

भाताच्या खाचरातील त्याचे भाऊबंद

वर वर्णिलेला कोळी मांडव, कुंपण व बांध येथे विशेष राहतो. खुद्द भातात त्याचे दोन भाऊबंद अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला लांबोडका कोळी, शास्त्रीय नाव ‘टेट्राग्नाथा’. तो दिवसा भाताच्या पात्यास लांबीने चिकटून बसतो, म्हणून चटकन दिसत नाही. सांज झाली की चुडांच्या मध्ये आडवे-तिरपे वाटोळे जाळे विणतो. दुसरा जाळे न विणणारा. इंग्रजीत त्यास ‘लांडगा-कोळी’ म्हणतात. तो चुडाच्या बुंध्याशी व पाण्यावरून धावतो. मादी अंड्यांची पिशवी पोटाखाली बांधून हिंडते व पिले निघाल्यावर त्यांस पाठीवर वाहते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ साली शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असे दिले आहे की, हा एक कोळी दिवसास ५ ते १५ तुडतुडे वा तितकीच इतर कीड खातो.

तपकिरी तुडतुडा बुंध्याशी बसून रस शोषतो. तेथे त्यास लांडगा-कोळी गाठतो. पंख फुटून तो उडू लागला की वरच्या जाळ्यांत अडकतो. खाली एक पहारा व वर एक पहारा, अशी ही व्यवस्था आहे.

माझ्या खाचराची हकीकत

निवृत्त झालो त्या पावसाळ्यात शेतीकडे स्वतः लक्ष घालण्याचा उत्साह फार होता. श्रावणाच्या अखेरीस एका खाचरात चुडाच्या बुंध्याशी थोडे तुडतुडे दिसले. किती, ते मोजले नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांचे आकडे मांडले, पण स्वतःच्या शेतात दहा चूड मोजण्याची बुद्धी झाली नाही. तडक दुकान गाठले. तेथे सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातले औषध मिळाले व ते त्याच दिवशी फवारले. दुसऱ्या दिवशी पाण्यावर मेलेले किडे तरंगताना पाहून समाधान वाटले. त्यांत कोळीही पुष्कळ होते. त्याकडे मी लक्ष दिले नाही.

चार-पाच दिवसांनी बेणणीस आलेली एक ठाकर बाई बांधावर उभी राहून म्हणाली, “भाऊसाहेब, औंदा या बांधाला कोळी नाय दिसत.” मी म्हटले, “बरे झाले, तोंडाला जाळी लागत नाहीत.” ती काही बोलली नाही.

तीन आठवड्यांनी त्या खाचरात मध्यभागी वाटोळे चट्टे पिवळे पडू लागले व पाहता पाहता करपून बसले. बुंध्याशी हात घातला तर तुडतुड्यांचा थर. पुन्हा फवारले, उपयोग झाला नाही. दाणे भरावयाच्या वेळीच भात आडवे झाले. त्या खाचरातून नेहमीच्या निम्म्याहूनही कमी भात घरी आले. वरच्या अंगाच्या ज्या खाचरात फवारणीस औषध उरले नव्हते, तेथे तुडतुडे होते, पण चट्टे पडले नाहीत.

एका दाखल्यावरून निकाल देऊ नये, हे मी जाणतो. करपलेल्या खाचरात त्या वर्षी युरियाही अधिक पडला होता व नत्राने लुसलुशीत झालेल्या भातावर तुडतुडे वाढतात. परंतु नंतर कृषि विद्यापीठाच्या जाणकारांस विचारले तेव्हा त्यांनी जे कारण सांगितले ते पटले. तुडतुड्याची मादी अंडी पात्याच्या आवरणाच्या आत घालते. तेथे औषध पोहोचत नाही. वरचे तुडतुडे मरतात व त्यांबरोबर कोळीही मरतात. आठवड्या-दीड आठवड्यात अंड्यांतून नवे तुडतुडे निघतात, तेव्हा त्यांस खाणारे कोणी उरलेले नसते. महिन्याच्या आत दुसरी पिढी येते. तुडतुडे लवकर भरून निघतात. कोळ्यांस वेळ लागतो. मी शत्रूबरोबर पहारेकरीही मारला होता.

इतरांचा अनुभव

हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. इंडोनेशिया देशात भातावर वारंवार फवारणी होऊ लागल्यावर तपकिरी तुडतुड्याने फार मोठे नुकसान केले. तेव्हा तेथील सरकारने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांस बंदी घातली व शेतकऱ्यांस शेतातच मित्रकीटक ओळखण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. व्हिएतनाममध्ये १९९४ पासून लाँग आन प्रांतात अशी चळवळ झाली की, पेरणीनंतर पहिले ४० दिवस पाने खाणाऱ्या अळीसाठी फवारू नये. शेतकऱ्यांनी आपल्याच शेताच्या एका भागात करून पाहिले व उत्पन्नात घट नाही असे दिसल्यावर फवारणी कमी केली. कोवळे भात पानांची थोडी हानी स्वतः भरून काढते.

आपल्या देशातील एक उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. तपकिरी तुडतुड्यासाठी फवारणी केव्हा करावी याची तामिळनाडू कृषि विद्यापीठाची मर्यादा अशी : कोळी नसतील तर दर फुटव्यास १ तुडतुडा, पण दर चुडास १ कोळी असेल तर दर फुटव्यास २ तुडतुडे. म्हणजे पंधरा फुटव्यांच्या चुडावर कोळी नसता पंधराव्या तुडतुड्यास फवारणीची वेळ येते. एक कोळी असता तीच वेळ तिसाव्या तुडतुड्यापर्यंत पुढे जाते. कोळ्याची किंमत याहून स्पष्ट आकड्यांत मांडता येणार नाही.

आपण काय करावे

येणेप्रमाणे जे पटले व जे मी आता पाळतो ते थोडक्यात लिहितो.

१. फवारण्यापूर्वी मोजावे. शेतात तिरपे चालत वीसेक चूड घ्यावेत, प्रत्येक चूड हाताने वाकवून बुंध्याशी पाहावे. तुडतुडे किती व कोळी किती हे दोन्ही आकडे वहीत मांडावेत. आठवड्याने पुन्हा मोजावे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन आठवड्यांतील चढ-उतार अधिक सांगतो.

२. मर्यादेचा आकडा जाती-जातीस व भागा-भागास वेगळा असू शकतो. आपल्या भागासाठी कर्जतचे प्रादेशिक कृषि संशोधन केंद्र जवळ आहे. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या ह्या केंद्रात भातावरच विशेष काम चालते. औषधाचे नाव दुकानात विचारण्यापूर्वी तेथे विचारावे.

३. फवारावेच लागले तर कीड असेल तेवढ्याच भागात, बुंध्यावर, सांगितलेल्या प्रमाणात फवारावे. बांध व कुंपण सोडावे. कोळ्यांचे बियाणे तेथे राहते.

४. बांधावरचे सारे गवत एकाच वेळी कापू अगर जाळू नये. निम्मे आज, निम्मे पंधरा दिवसांनी, असे केल्यास आसरा कायम राहतो. चीनमधील भातशेतीत तर कोळ्यांच्या आसऱ्यासाठी पेंढ्याच्या जुड्या मुद्दाम ठेवण्याची रीत आहे.

५. नत्राचा हप्ता माफक द्यावा व रोपे फार दाट लावू नयेत.

६. वाटेवर जाळे आडवे आले तर त्याचा वरचा धागा काडीवर घेऊन कोळ्यासकट बाजूच्या झुडुपात लावावे. दुसऱ्या सकाळी तो तेथे नवे जाळे विणतो. मधमाश्यांच्या पेटीसमोरचे जाळेही असेच दूर न्यावे.

कोळी असले म्हणजे कीड येणारच नाही, असे कोणी समजू नये. कीड फार झाली, हवा तिला अनुकूल असली, तर कोळ्यांचा पहारा अपुरा पडतो व औषध घ्यावेच लागते. खोडकिड्याची अळी तर खोडाच्या आत असते. तेथे कोळ्याचा हात पोहोचत नाही, बाहेर उडणारा पतंगच काय तो त्याच्या जाळ्यात सापडतो. परंतु पहारेकरी पुरेसा नाही म्हणून त्यास मारून टाकणे, हा शहाणपणा नव्हे.

यंदा माझ्या करपलेल्या त्या खाचराच्या बांधावर पुन्हा जाळी आली आहेत. सकाळी जाताना मी वाकून जातो. गेल्या सोमवारी त्याच बाईने विचारले, “भाऊसाहेब, कंबर धरली का?” मी तिला जाळे दाखविले. ती हसली व तीही वाकून पुढे गेली.